नंबर काय होता गं?

रोज तोच रस्ता, तोच सिग्नल आणि पुढे तीच पांढरी एसयूव्ही. बोअर होतं ना? मग माझा खेळ ट्राय करा. फंडा सिंपल आहे : ऑफिसला पोहोचेपर्यंत एक तरी हटके गाडी शोधायची.

माझा स्कोअर वाईट नाहीये. कर्वे रोडवर लांबलचक कॉन्टेसा. नळ स्टॉपला तर चक्क जुनी टाटा सिएरा! १९९१ मध्ये आलेली, अस्सल पुणेकर. दोनच दारं आणि मागे छतापर्यंत वळलेली काच. २०२५ मध्ये याच नावाची नवी सिएरा आली, पण तिला चार दारं.

खरं सांगू? मी शोधते ती प्रीमियर पद्मिनी. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रिटायर झाली. आता उरल्यात त्या हौसेनं जपलेल्या खासगी.

आमच्याकडेही होती. स्टिअरिंगजवळ गिअर, थंडीत चोक ओढल्याशिवाय सुरू व्हायची नाही. मैत्रिणी हसतील म्हणून मी बाबांना शाळेच्या एक गल्ली आधीच थांबवायचे. ते काही बोलले नाहीत. मी सातवीत असताना त्यांनी ती विकली आणि नवी हॅचबॅक आणली.

आता पद्मिनी दिसली की मी आधी नंबर बघते. परवा फोनवर सहज म्हटलं, ‘‘बाबा, आज डेक्कनला एक पद्मिनी दिसली.’’

पलीकडून लगेच, ‘‘नंबर काय होता गं?’’

म्हणजे हा खेळ मी एकटीच खेळत नव्हते तर!