हो दादा!

जानेवारी आला की आपलं इंदूरकरांचं ठरलेलं असतं. संध्याकाळी सराफ्यात गरमागरम गराडू, सकाळी पोहे-जिलेबी आणि उरलेला वेळ रजईत. यंदा मात्र मी एका रविवारी पहाटे मामेभावाला त्या रजईतून ओढून काढलं आणि कच्च्या रस्त्यावर सायकल चालवायला नेलं. आज त्या फेरीची गोष्ट. तिच्यात थोडी फजिती आहे आणि एक चूक. चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मामेभाऊ ठाण्याचा, वय २१. तिकडे पारा १८ वर आला की लोक स्वेटर शोधायला लागतात. संक्रांतीला तो आमच्याकडे आला होता. मामीनं फोनवर बजावलं होतं, "त्याला सांभाळ रे. तू म्हणशील तिथे तो येईल." मी फक्त "सांभाळ" एवढंच ऐकलं. खरी सूचना दुसऱ्या वाक्यात होती.

बेत साधा होता. सायकली गाडीवर बांधून महूपर्यंत जायचं, तिथून शेतांमधल्या कच्च्या वाटांनी पाताळपाणीचा धबधबा गाठायचा आणि दहाच्या आत पोह्यांवर हजर. पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात पाण्याची धार बारीक होते, पण शांतता भरपूर मिळते.

सात वाजता महूच्या बाहेर पॅडल मारलं, तेव्हा मोबाईल ५ अंश दाखवत होता. आता थोडं गणित. हवा ५ अंशांची असली, तरी ताशी २० किलोमीटरचा वारा अंगावर आला की उघड्या कातडीला ती साधारण १ अंशाची वाटते. उतारावर सायकल ३०ने सुटली की जवळजवळ शून्य. म्हणजे आपली थंडी आपणच तयार करत असतो, आणि जितके जोरात जाऊ तितकी जास्त. हे सगळं मला पाठ होतं. माझ्या अंगावर घाम शोषून न ठेवणारा बनियन, वर वारा अडवणारं जाकीट, हातात जाड मोजे. त्याच्या अंगात सुती टी-शर्ट, वर हुडी आणि आमच्या आईनं दिलेले लोकरीचे हातमोजे. "चालेल ना एवढं?" मी विचारलं. "हो दादा."

पहिले पाच-सहा किलोमीटर झकास गेले. दोन्ही बाजूंना गहू, हरभरा, बटाटा. काळ्या मातीची ढेकळं थंडीनं कडक झालेली, त्यांवरून चाकं खडखडत होती. चढावर आम्ही दोघंही घामाघूम झालो. पुढे उतार आणि उताराच्या तळाशी नाला. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन खोलगट जागी साचते. त्या नाल्यात उतरताना ती गुडघ्यांपासून वर चढत गेल्यासारखी वाटली. गवताच्या पात्यांवर पांढरी साय धरली होती. मी पाण्यातून पार झालो. मागे छपाक आवाज झाला. त्याचा पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेला होता आणि एक हातमोजाही भिजला होता.

"बरा आहेस ना?"

"हो दादा."

मी पुढे निघालो. माझी नजर हँडलवरच्या छोट्या पडद्यावर होती: वेग, चढ, हृदयाचे ठोके. सगळे आकडे माझे. पुढच्या दोन किलोमीटरांत मी आणखी दोनदा तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा ते जरा उशिरा आलं. थांबून मागे वळलो तर तो सायकलवरून उतरलेला होता. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला बघत होता, पण बोटं वळत नव्हती. मी म्हटलं, "काल रात्री जेवायला काय होतं रे?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग "थाली... थालीप..." इतकंच अडखळत म्हणाला.

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अंगातली उष्णता कमी होऊ लागली की आधी बोटं अडखळतात, मग जीभ, मग पाय. बेत सोडायचा तो याच वेळी. आणखी उशीर झाला तर माणसाचं कापणंही थांबतं आणि ते फार वाईट लक्षण असतं. तो अजून थडथड कापत होता. पाताळपाणी तीन-चार किलोमीटरांवर होतं. ते तिथेच राहिलं.

जवळच्या शेताच्या कडेला धूर दिसला. एक काका शेकोटीपाशी बसले होते. मी काही सांगायच्या आतच त्यांनी गोणपाट पुढे केलं. "पहले ताप लो, बातें बाद में." ओली हुडी, टी-शर्ट, मोजे उतरवले. माझं कोरडं जाकीट त्याला घातलं, काकांनी वरून घोंगडी दिली. मी त्याचे हात चोळायला लागलो तर काकांनी थांबवलं, आधी छाती-पाठ गरम होऊ दे म्हणाले. डॉक्टरही हेच सांगतात. मग भरपूर साखरेचा चहा, छोटे छोटे घोट.

काका रात्रभर जागे होते. बटाट्याला पाणी देत होते. पाला पडायची भीती होती. आपल्या मराठी घरांत पाला म्हणजे झाडाची पानं. इथल्या शेतात पाला म्हणजे दंव गोठून पीक जळणं. माती ओली असली की ती ऊब धरून ठेवते, म्हणून अशा रात्री पाणी सोडतात आणि बांधावर धूर करतात. आम्ही हौसेनं आलो होतो, ते नाइलाजानं जागले होते, आणि त्यांची शेकोटी आमच्या कामी आली.

पाऊण तासानं मामेभाऊ पूर्ण वाक्य बोलला. "दादा, थालीपीठ होतं." मग म्हणाला, "तू मस्त चालला होतास, थांब कसं म्हणू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. माझ्या कामात सर्व्हरला दर मिनिटाला विचारतात, "ठीक आहेस ना?" आणि आतलं सगळं ठप्प असतानाही तो कधी कधी "ओके" म्हणत राहतो. म्हणून चांगली तपासणी त्याच्याकडून एखादं खरं काम करून घेते. ऑफिसात मला हे कळतं. घरच्या पोराला मात्र मी तीनदा असा प्रश्न विचारला, ज्याला धाकटा भाऊ मोठ्याला "हो" सोडून दुसरं उत्तर देतच नाही.

ऊन वर आल्यावर आम्ही सायकली हातात धरून पक्क्या रस्त्यापर्यंत चालत आलो. चालण्यानं ऊब आली. घरी पोचल्यावर त्यानं मामीला फोनवर "मजा आली" एवढंच सांगितलं. मी फोन मागून घेतला आणि उरलेलं सांगितलं. मामी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चहा देणाऱ्या त्या माणसाला काहीतरी नेऊन दे."

पुढच्या रविवारी तिळगुळाचा डबा घेऊन दोघंही गेलो. या वेळी सॅकमध्ये जास्तीचा कोरडा बनियन, मोजे आणि चहाचा थर्मास होता. पुढे तो होता, मागे मी. वेग त्याचा. दर दोन किलोमीटरांवर मी काहीतरी भलतंच विचारत होतो: शाळेतल्या बाईंचं नाव, सतराचा पाढा. तो वैतागून सगळं सांगत होता.

पाताळपाणीही झालं. सतराचा पाढा मात्र त्याला थंडी नसतानाही येत नाही.