पक्षीनिरीक्षकांना आवाहन : एकटे जा, पण सांगून जा



५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा आपण राज्यभर पक्षी सप्ताह म्हणून पाळतो. याच सुमारास उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगाव-डिकसळच्या काठांवर पहाटेपासून दुर्बिणी दिसू लागतात. त्यातले बरेच जण एकटे असतात. एकटे जाऊ नका, असं आम्ही म्हणणार नाही. बोलणारं कुणी सोबत नसलं की पक्षी जवळून दिसतात, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे. पण कुणालाही न सांगता जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

दुर्बीण डोळ्याला असते तेव्हा नजर लांबच्या चक्रवाकावर असते आणि पायाखाली काय आहे याचं भान नसतं. म्हणून चालायचं तर दुर्बीण खाली. पाहायचं तर पाय जागेवर. बांधावरचं गवत, दगडांचे ढीग ही घोणस आणि नागाची जागा. घोटा झाकणारे बूट घाला. साप चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. चावलेला हात-पाय फार न हलवता १०८ ला फोन करा आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

उजनीत सर्वांत फसवा असतो तो गाळ. पाणी ओसरेल तसे रोहित पक्षी आत सरकतात आणि फोटोसाठी त्यांच्यामागून आपणही. वरचा थर वाळून भेगाळलेला, खाली मात्र लोण्यासारखा मऊ चिखल. कुठे पाय टाकावा हे तिथल्या मासेमाराला विचारा. त्याच्याइतका तो काठ आपल्याला कधीच कळणार नाही. पाय रुतला तर झटापट करू नका. मागे रेलून वजन पसरा, पाय हळूहळू सोडवा. होडीत लाइफ जॅकेट नसेल तर बसूच नका. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, तो याच पाण्यात.

उसाच्या कडेला अंधारात उकिडवे बसून राहू नका. बसलेला माणूस बिबट्याला लहान सावज वाटू शकतो. बिबट्या दिसला तर वन विभागाला १९२६ वर कळवा.

एकटीनं निघणाऱ्या मैत्रिणींना ‘कशाला जातेस?’ असं विचारू नका. ‘कुठल्या काठाला आहेस?’ एवढं विचारा. आणि मैत्रिणींनो, त्या दिवशीचे फोटो घरी पोचल्यावरच टाका. आपण आत्ता कुठे एकट्या आहोत हे अनोळखी माणसांना कळायला नको.

निघण्याआधी घरच्यांना किंवा मित्राला निरोप पाठवा : कुठलं गाव, कुठली वाट, गाडी कुठे लावणार, किती वाजता परतणार. काठावर रेंज मिळेलच असं नाही, म्हणून हे आधीच कळवा. निरोप ज्याच्याकडे येतो, त्यालाही आमचं सांगणं आहे. तो वाचून फोन बाजूला ठेवू नका. परतायची वेळ टळून तास झाला आणि फोन लागत नसला, तर ‘येईल’ म्हणत थांबू नका. ११२ ला फोन करा आणि तो निरोप जसाच्या तसा वाचून दाखवा.