कुकरीवरची पन्हळ आणि विसरलेला कामी

१/ काही महिन्यांपूर्वी एका शस्त्रप्रदर्शनात कुकरीच्या पेटीसमोर उभा होतो. माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी पात्यावरच्या लांबट खाचेकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "ही रक्त वाहून जाण्यासाठी." समोरची शाळकरी मुले थरारली. आजचा धागा त्या एका वाक्याविषयी आहे. ते चुकीचे तर आहेच. माझ्या मते ते अन्यायकारकही आहे.

२/ आधी वस्तू नीट पाहू. कुकरी हे नेपाळचे तोडण्याचे हत्यार. पाते पुढे झुकलेले, पाठ जाड, धार आतल्या वळणाची. पुष्कळ कुकऱ्यांच्या पाठीखाली, पाठीच्या वळणानुसार, एक किंवा अधिक उथळ पन्हळी कोरलेल्या असतात. नेपाळीत अशा पन्हळीला 'चिरा' म्हणतात. अशा तीन पन्हळी असलेल्या कुकरीचे नावच 'तीन चिरा' पडले आहे.

३/ आता ती प्रसिद्ध कथा. पाते देहात रुतले की मांस त्याला घट्ट धरते, आत हवा शिरत नाही आणि पाते निघत नाही. पन्हळ असली की रक्ताला वाट मिळते, असे सांगितले जाते. मात्र कुकरीचा मुख्य वार तोडण्याचा. तोडलेली जखम उघडीच असते. तिथे हवा कोंडणार कशी? आणि पन्हळ नसलेले खंजीर व सुरेही शतकानुशतके वापरले गेले; ते काही देहात अडकून राहिले नाहीत.

४/ मग पन्हळ कशासाठी? वजनासाठी. घाव घालायला जडपणा लागतो हे खरे, पण तो नेमका लागतो. पाठ जाड ठेवली तर पाते वाकत नाही, मात्र मनगट थकते. सगळे पातेच पातळ केले तर हात सुटतो, पण लाकडाच्या गाठीवर पाते दगा देते. लोहार यातून मधली वाट काढतो : पाठ जाड ठेवायची आणि तिच्याखालचे थोडे पोलाद कमी करायचे.

५/ हिशेब करून पाहा. पन्हळ २० सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद आणि सरासरी १ मिलिमीटर खोल धरा. दोन्ही बाजूंचे मिळून ४ घन सेंटिमीटर पोलाद निघाले. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, म्हणजे एकूण ३१ ग्रॅम. अर्ध्या किलोच्या हत्यारात हा सहा टक्क्यांचा फरक झाला. एका घावात तो जाणवणार नाही. दिवसभर सरपण फोडणाऱ्याला जाणवेल.

६/ रेल्वेचा रूळ आठवा. वर जाड, खाली जाड, मधला भाग बारीक. उभा भार सोसताना मधल्या धातूवर सर्वांत कमी ताण येतो, म्हणून तिथे कपात परवडते. तत्त्व तेच. मात्र "पन्हळीमुळे पाते अधिक मजबूत होते" हेही खरे नव्हे. धातू काढून ताकद वाढत नाही. तेवढ्याच वजनाच्या सपाट पात्यापेक्षा पन्हळीचे पाते अधिक ताठ राहते, एवढाच दावा योग्य.

७/ आपल्याकडचा ऊसतोडीचा कोयताही तोडण्याचेच हत्यार आहे. त्याला सहसा पन्हळ नसते, कारण पाते मुळातच पातळ. त्यातून काढण्याजोगी जाडीच नसते. पन्हळ रक्तासाठी असती तर तिचा जाडीशी असा संबंध दिसला नसता. अर्थात काही पन्हळी निव्वळ शोभेच्याही असतात. कारागिराला सौंदर्यदृष्टी असू नये असा नियम नाही.

८/ कोणी म्हणेल, कुकरीने रक्त सांडलेच नाही का? सांडले. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात तिची कीर्ती पसरली, आणि आजही गोरखा पलटणींच्या चिन्हावर तिची जोडी आहे. दसैंच्या सणात बळीही तिनेच दिले जातात. मात्र "म्यानातून निघाली की रक्त प्यायल्याशिवाय परतत नाही" ही दंतकथा आहे. नेपाळी घरात तीच कुकरी भाजी चिरते, चारा तोडते, बांबू सोलते.

९/ आता अन्यायाविषयी. ही हत्यारे घडवणारा समाज म्हणजे 'कामी', नेपाळचे लोहार. जंगबहादूर राणांच्या १८५४ च्या मुलुकी ऐनने त्यांना कायद्यानेच अस्पृश्य ठरवले. त्यांच्या हातचे पाणी निषिद्ध झाले. कुकरीच्या धारेला पाणी देताना कामी तापल्या धारेवर किटलीतून बारीक धार सोडतो. त्या पाण्याने कठीण झालेले पाते सर्वांना चालले. त्याच माणसाने दिलेले पिण्याचे पाणी मात्र चालले नाही.

१०/ १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनने जातिभेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला. तरीही २०११ मध्ये अस्पृश्यतेला शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून प्रश्न किती खोल रुजला होता ते कळते. आजही कामी मालमोटारींच्या जुन्या कमानपट्ट्यांपासून कुकऱ्या घडवतात. त्यांची माहिती प्रदर्शनातल्या त्या पेटीवर एका ओळीचीही नव्हती.

११/ म्हणून मला ती रक्ताची कथा निरुपद्रवी वाटत नाही. ती पन्हळीचे सारे श्रेय वार करणाऱ्याला देते आणि घडवणाऱ्याची बुद्धी झाकून टाकते. कोठे किती पोलाद ठेवायचे आणि कोठून काढायचे, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. आपल्याकडच्या तलवारींविषयी बोलतानाही आपण हेच करतो. योद्ध्याचे नाव पाठ असते, लोहार अनामिक राहतो.

१२/ मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या गडावर किंवा संग्रहालयात कोणी पात्यावरच्या खाचेला रक्ताची वाट म्हणाले, तर वाद घालू नका. फक्त विचारा, "हे पाते घडवले कोणी?" उत्तर मिळाले तर इथे जरूर लिहा. मतभेद असल्यास तेही लिहा, चर्चा करू.

धागा समाप्त. #इतिहास #शस्त्रे #कारागीर