खोपोलीच्या फाटकावरील पाटी

बोरघाट उतरून खोपोलीत येताना डोंगरउतारावरचे जाड नळ नजरेत भरतात. वळवण, लोणावळा आणि शिरवता येथील तलावांचे पाणी सुमारे १,७०० फूट खाली आणून त्यावर टाटांनी १९१५ साली वीज निर्माण केली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. वीजगृहातून सुटलेले पाणी पाताळगंगेला मिळते. त्याच पाण्याच्या आधाराने पुढे खालापूर तालुक्यात कारखाने उभे राहिले. थेट परकीय गुंतवणुकीच्या आकड्यांवर वृत्तपत्रांत रकाने भरून येत असतात. पण या गुंतवणुकीचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर या एका तालुक्याचा शंभर वर्षांचा इतिहास डोळ्यांखालून घालणे अधिक उपयोगी ठरेल.

जमशेटजी टाटा १९०४ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे मोठे संकल्प कागदावरच होते. पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजाराचे दार ठोठावले गेले. ते उघडले नाही. तेव्हा १९०७ मध्ये मुंबईत भागविक्री जाहीर झाली आणि अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी लागणारे भांडवल उभे केले. स्वदेशीच्या चळवळीने भारलेले ते दिवस होते. १९१० साली स्थापन झालेल्या वीजकंपनीलाही देशी संस्थानिकांचा आणि धनिकांचा पैसा मिळाला. परके भांडवल आले ते नंतर. १९२९ मध्ये टाटांच्या वीजकंपन्यांच्या व्यवस्थापनात एक अमेरिकन कंपनी भागीदार झाली. आधी घरचा पैसा, घरचे साहस आणि सिद्ध झालेला उद्योग. त्यानंतर परक्याची भागीदारी, असा हा क्रम होता. हा क्रम विसरता कामा नये.

याच इतिहासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टाटांच्याच पुढच्या धरणासाठी मुळशीच्या मावळ्यांची जमीन गेली आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. भांडवल स्वदेशी होते म्हणून बुडालेल्या शेताचे दुःख हलके झाले नाही. भांडवल कोणाचे, या प्रश्नाइतकाच ते कोणत्या अटींवर आले हा प्रश्नही महत्त्वाचा, हा धडा मुळशीने तेव्हाच दिला होता.

स्वातंत्र्यानंतर खालापूर तालुक्याने परदेशाशी व्यवहार करण्याचे दोन वेगळे मार्ग पाहिले. १९६२ मध्ये फ्रान्सच्या युजिन कंपनीच्या सहकार्याने महिंद्र युजिन स्टील ही कंपनी स्थापन झाली आणि खोपोलीत विशेष पोलाद तयार होऊ लागले. नावात परदेशी भागीदार होता, पण सूत्रे भारतीय उद्योगसमूहाकडे होती. १९८२ मध्ये पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. त्याचे तंत्रज्ञान अमेरिकेच्या ड्यूपाँटकडून घेतलेले होते; पैसा मात्र मोठ्या प्रमाणावर मध्यमवर्गीय भागधारकांच्या बचतीतून आला. पहिल्या मार्गात भागीदारी होती, दुसऱ्यात ज्ञान विकत घेऊन मालकी स्वतःकडे ठेवण्याचे धोरण होते. दोन्हींत निर्णयाची जागा देशातच राहिली.

१९९१ नंतर दार उघडले आणि गेल्या दीड दशकात खोपोलीच्या फाटकांवरील पाट्या बदलल्या. महिंद्र युजिनच्या पोलाद व्यवसायात २०१२ मध्ये जपानच्या सान्यो स्पेशल स्टील आणि मित्सुई या कंपन्या आल्या. २०१८ मध्ये बहुमताची मालकी सान्योकडे गेली आणि पुढे नावातून महिंद्रही गेले. २०१९ मध्ये ही सान्यो जपानच्याच निप्पॉन स्टीलची उपकंपनी झाली.

दुसरी कथा उत्तम गाल्वा स्टील्सची. २००९ मध्ये आर्सेलर मित्तल या जागतिक पोलाद कंपनीने तिच्यात सहप्रवर्तक म्हणून भाग घेतला. पुढे कंपनीची कर्जे थकली. याच सुमारास आर्सेलर मित्तलला दिवाळखोरीत निघालेली एस्सार स्टील हवी होती. थकबाकीदार कंपनीच्या प्रवर्तकाला अशी बोली लावता येणार नाही, असे बंधन नादारी कायद्यात २०१७ मध्ये घालण्यात आले होते. २०१८ च्या फेब्रुवारीत आर्सेलर मित्तलने उत्तम गाल्वातील आपले भाग विकून टाकले. परंतु तेवढ्याने जबाबदारी संपत नाही, आधी थकबाकी भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१८ रोजी बजावले. तेव्हा उत्तम गाल्वा आणि केएसएस पेट्रॉन या दोन कंपन्यांच्या थकबाकीपोटी सुमारे ७,५०० कोटी रुपये भरण्यात आले. कायद्याला दात असतील तर जगातील बलाढ्य भांडवलही नियम पाळते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण कोणते?

पुढे २०२० मध्ये उत्तम गाल्वा स्वतःच नादारीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२२ मध्ये आर्सेलर मित्तल व निप्पॉन स्टील यांच्या संयुक्त कंपनीने ती घेतली. आज तिच्या नावातच खोपोली आहे. म्हणजे एका गावातील पोलादाच्या दोन कारखान्यांची वंशावळ शोधत गेले, तर एक मुख्यतः आणि दुसरी अंशतः, अशा दोन्ही वाटा टोकियोतील एकाच कंपनीच्या दारात जातात. येथे परक्यांच्या कारस्थानाचा शोध घेण्याचे कारण नाही. एका ठिकाणी देशी उद्योगसमूहाने आपणहून हात सैल केला, दुसऱ्या ठिकाणी देशी कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली दबली. घरातला कर्ता थकला की शेत दुसऱ्याकडे जाते; दोष केवळ घेणाऱ्याला देता येत नाही. नवा मालक आल्याने भट्ट्या विझल्या नाहीत, हीदेखील नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

परंतु सरकारी आकड्यांत येथेच फसगत होते. नव्या जागेवर नवा कारखाना उभारणारा डॉलर आणि चालू कारखान्याच्या मालकीसाठी मोजलेला डॉलर हे दोन्ही 'गुंतवणूक' याच सदरात बसतात. पहिल्याने नवी यंत्रे आणि नवे हात येतात, दुसऱ्याने प्रथम फाटकावरील पाटी बदलते. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ८१ अब्ज डॉलरची एकूण थेट गुंतवणूक आली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला राहिला. मात्र त्याच वर्षी परकीयांनी परत नेलेली रक्कम आणि भारतीय उद्योगांनी बाहेर गुंतवलेला पैसा वजा केल्यावर निव्वळ शिल्लक एक अब्ज डॉलरच्या आतबाहेर उरली. ढोल पहिल्या आकड्याचा वाजतो, हिशेब दुसऱ्याचा ठेवावा लागतो.

हा भेद भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर फार स्पष्ट दिसतो. मोरोक्कोने टँजियर येथे बंदर बांधले आणि २०१२ मध्ये तेथे रेनॉचा मोटार कारखाना सुरू झाला. सुटे भाग पुरवणारे उद्योग त्याच्याभोवती जमले. इजिप्तमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत अबुधाबीच्या गुंतवणूक कंपनीशी रास अल-हिकमा या किनाऱ्याच्या विकासाचा ३५ अब्ज डॉलरचा करार झाला. त्यातले ११ अब्ज तर आधीच्या ठेवींचेच रूपांतर होते. त्या वर्षी इजिप्तचा आकडा गगनाला भिडला आणि चलनाचे संकटही तात्पुरते टळले. पण किनारा एकदाच देता येतो. कारखाना दरवर्षी माल निर्यात करतो.

कर्जत-खालापूरच्या रहिवाशांना ही गोष्ट समजण्यास वेळ लागू नये. परकीय पैशाला जमिनीच्या नुसत्या खरेदी-विक्रीत आणि फार्महाऊस बांधण्यात आपल्या धोरणाने मनाई केली आहे. नगरवसाहतींच्या बांधकामाला मात्र २००५ पासून वाट मोकळी आहे. आज या तालुक्यांतील भातखाचरे शहरी पैशापुढे हटत आहेत आणि तो पैसा बहुतांशी देशीच आहे. जमीन विकून आलेली रक्कम घर, गाडी आणि लग्नकार्यात संपली, तर शेतकऱ्याच्या मुलाने स्वतःच्याच बांधावर पहारेकरी म्हणून उभे राहायचे काय?

म्हणून कोणत्याही मोठ्या कराराचे स्वागत करण्यापूर्वी चार प्रश्न विचारले पाहिजेत. यातून नवे काही उभे राहणार की केवळ मालक बदलणार? ज्ञान येथे रुजणार की परवानगीसाठी परदेशाकडेच पाहावे लागणार? बुडीत कर्जाचा भार कोण वाहणार? आणि ज्यांची जमीन व पाणी वापरले जाते, त्यांच्या मुलांना यंत्रापाशी जागा मिळणार की फाटकापाशी?

दारे लावून बसणे म्हणजे स्वदेशी नव्हे. दारात आलेल्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येण्याइतकी स्वतःची पत असणे, हा तिचा खरा अर्थ. ती पत सरकारी जाहिरातींनी येत नाही. ती कुटुंबाच्या बचतीतून, सचोटीने कर्ज फेडणाऱ्या उद्योजकांतून आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या कुशल तरुणांतून येते. १९०७ साली तीन आठवड्यांत भांडवल देणारे ते ८,००० जण एका गुलाम देशाचे नागरिक होते. स्वतंत्र देशातील सुशिक्षित मध्यमवर्गाने आपली बचत केवळ सोन्यात आणि दुसऱ्या घरात गुंतवून ठेवली, तर खोपोलीच्या फाटकावरील पुढची पाटी कोणी लिहावी, हे ठरवण्याचा अधिकारही त्याने आपल्याच हाताने सोडून दिलेला असेल.