बल्ब मोठा करण्याआधी

कारखान्याचे धुराडे पेटले की आपल्या रस्त्यांवरची वर्दळ रात्रीही थांबत नाही. उसाच्या ट्रॉल्या, बैलांच्या टायरगाड्या, दुधाच्या मोटारसायकली यांची ये-जा पहाटेपर्यंत चालू असते. याच दिवसांत तालुक्याच्या इलेक्ट्रिक मिस्त्रीच्या दुकानात एक बोलणे हमखास कानावर पडते.

“मिस्त्री, पुढचं काही दिसंना, दिव्याचं बघा जरा.”

“मामा, शंभर-नव्वदचा बल्ब टाका. रात्रीचा दिवस होतोय बघा!”

मामा बल्ब घालून घेतात आणि चार दिवस खूश असतात. मग एके रात्री होल्डरमधून जळका वास येतो. बल्ब चांगलाच असतो, पण दिव्याचे मूळ दुखणे निराळे असते आणि औषध निराळे दिले गेलेले असते.

मंडळी, वॅट म्हणजे उजेड नव्हे. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो त्याचे माप. बैल किती वैरण खातो यावरून तो किती ओढतो हे काही कळत नाही. उजेड किती पडणार हे बल्बपर्यंत व्होल्टेज किती पोचते, रिफ्लेक्टर किती चकचकीत आहे आणि दिव्याचे तोंड कुठे आहे, यांवर ठरते.

आधी व्होल्टेजचे पाहू. जीप, पिकअप आणि काही ट्रॅक्टरवर एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात डिपरची तार ५५ वॅटची आणि अप्परची ६० वॅटची. बऱ्याच मोटारसायकलींवर ३५/३५ वॅटचा एचएस-१ असतो. हे आकडे बल्बच्या बुडावर छापलेले असतात. तारेच्या बल्बाची खोड अशी की व्होल्टेज थोडे उतरले तरी उजेड फार उतरतो. १३.२ व्होल्टला जो उजेड पडतो, त्याच्या पाऊण हिश्शाहून थोडा कमीच १२ व्होल्टला मिळतो आणि ११ व्होल्टला जेमतेम निम्मा. म्हणजे वाटेत दोन व्होल्ट गळाले तर दोन दिव्यांपैकी एक विझल्यातच जमा!

ही गळती शोधायला साधा मीटर पुरे. इंजिन चालू ठेवून दिवा लावावा. प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे, मग बल्बच्या पिनांवर मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर वायरिंगमध्ये दोष आहे असे समजावे. नंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे बल्बच्या अर्थ पिनेला लावावे. तिथे काटा जवळजवळ शून्यावर हवा. हलला, तर अर्थिंग खराब आहे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत निम्म्या वेळा दोष इथेच सापडतो. अर्थची तार जिथे पत्र्याला आवळलेली असते तिथे चिखल, पाणी आणि खताची धूळ बसून गंज चढतो. नट सोडावा, पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासावा, तारेचे टोक साफ करून घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस लावावे. एवढ्यानेच कित्येक दिवे नव्यासारखे लागतात. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार मात्र काढून ठेवावी.

दुसरी गळती स्विचमध्ये होते. जुन्या गाड्यांत दिव्याची सगळी वीज डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येते. तार बारीक, रस्ता लांब आणि स्विचचे पत्रे झिजलेले. यावर चांगला उपाय म्हणजे रिले. रिले म्हणजे पाटाचे दार समजा. दार उघडायला थोडाच जोर लागतो, पण पाणी थेट मोठ्या पाटातून येते. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूज घालून जाड तार द्यावी आणि ८७ नंबरवरून दिव्याला न्यावी. स्विचची जुनी तार ८६ ला आणि ८५ ला अर्थ. डिपरला एक आणि अप्परला एक, असे दोन रिले लागतात. तार २.५ चौरस मि.मी.ची घ्यावी आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवावा. मूळचाच ५५/६० चा बल्ब, पण पूर्ण व्होल्टेज मिळालेला, कसा लागतो ते एकदा डोळ्यांनी पाहावे.

आता शंभर-नव्वदच्या बल्बाचा हिशेब करू. ५५ वॅटचा डिपर १२ व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर ओढतो. ९० वॅटचा साडेसात ओढतो. तारेतली उष्णता मात्र विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच तारेत, त्याच होल्डरमध्ये अडीच पटींहून जास्त उष्णता तयार होते. शिवाय वाढलेली वीज वाटेत जास्त गळते, तेव्हा विकत घेतलेला सगळा उजेड रस्त्यावर पोचतच नाही. फ्यूज वारंवार जातो म्हणून काहीजण त्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळतात. हे मात्र कधीही करू नये. फ्यूज नसला की त्याच्या जागी वायरिंग जळते, आणि आपल्या ट्रॉलीत वाळलेले पाचट किंवा कडबा असतो. मोटारसायकलचे तर वीज करणारे यंत्रच लहान असते. बल्ब मोठा घातला की बॅटरी उतरते आणि सकाळी किक मारत बसावे लागते.

निळसर काचेच्या बल्बाने उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण तो निळा थर थोडा उजेड अडवतच असतो.

हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब बसवणारे आता पुष्कळ आहेत. एलईडी वीज कमी खातो हे खरे. पण एच-४ चा रिफ्लेक्टर बनवलेला असतो तो दोऱ्याएवढ्या बारीक तारेसाठी, ती ठरल्या जागी असेल असे धरून. डिपरच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती उजेड वर जाऊ देत नाही. एलईडीचे तुकडे पट्टीच्या दोन्ही बाजूंना असतात. जागा थोडी चुकली की उजेड फुटतो. जवळची जमीन लख्ख दिसते, त्यामुळे डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा खड्डा उलट कमी दिसतो. उरलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कंपनीने मुळातच एलईडीसाठी बनवलेला पूर्ण दिवा असेल तर त्याची गोष्ट वेगळी.

समोरचा म्हणजे कोण, याचाही विचार करावा. मोटारसायकलवरून बायको-पोराला घेऊन येणारा शेजारच्या गावचा माणूस असतो, किंवा टायरगाडीपुढे चालणारा ऊसतोड मजूर असतो. ताशी ४० कि.मी. वेगाने येणाऱ्याचे डोळे तीन सेकंद दिपले, तर तेवढ्यात तो ३३ मीटर आंधळा येतो. कडेने चालणारा त्याला दिसत नाही. आपल्याला दिसावे म्हणून लावलेला दिवा दुसऱ्याच्या जिवावर उठू नये.

म्हणून शेवटचे आणि फुकटचे काम म्हणजे दिव्याचे तोंड लावणे. सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. दिव्याचा मध्य जमिनीपासून जितका उंच, तितक्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारावी. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारे १० सें.मी. खाली पडली पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून एच-४ ची ही कड डाव्या बाजूला थोडी वर चढलेली असते, ती तशीच ठेवावी. संध्याकाळी एकाने गाडीवर बसावे, पोरांनी भिंतीशी खडू धरावा, अर्ध्या तासात काम होते. मागे ओझे आले की गाडीचे नाक वर होते आणि उजेड आभाळात जातो. म्हणून नेहमी जसा भार असतो तसा ठेवूनच तोंड लावावे.

रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा काळवंडला असेल तर तो घासून परत येत नाही, नवाच दिवा घ्यावा. नवा हॅलोजन बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये, बोटाच्या तेलाने तो लवकर फुटतो. लागलेच तर स्पिरिटने पुसावा.

नांगरटीसाठी मागे लावलेला मोठा दिवा शेतातच ठीक. रस्त्यावर येताना तो आठवणीने बंद करावा, मागून येणाऱ्याला त्यापुढे ट्रॉली दिसत नाही. त्याऐवजी ट्रॉलीच्या मागे लाल दिवा चालू आहे ना आणि परावर्तक पट्ट्या चिखलाने झाकल्या नाहीत ना, हे रोज निघताना पाहावे. उसाची मोळी खाली लोंबून पट्टी झाकत असेल तर पट्टी खाली, दिसेल अशी लावावी.

पुढच्या अंकात ट्रॉलीचा हूक आणि पिन यांविषयी.