नकारापुढचा मार्ग

घर बांधण्याचा अर्ज नामंजूर झाला कीं आमचा गृहस्थ एक तर कपाळाला हात लावून बसतो, नाहीं तर कोणा मध्यस्थाच्या सल्ल्यानें रातोरात भिंत उभी करतो. हे दोन्ही मार्ग आत्मघाताचे आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या ४५ व्या कलमाप्रमाणें परवानगी नाकारतांना आदेशांत कारणें नमूद करणें अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. आणि ४७ व्या कलमान्वयें तो आदेश कळल्यापासून ४० दिवसांच्या आंत राज्य सरकारकडे अपील करतां येतें. उलटपक्षीं, विनापरवाना बांधणारास ५३ व्या कलमाची बांधकाम पाडण्याची नोटीस येते व ५२ व्या कलमान्वयें कैदही होऊं शकते. नोटिशीच्या मुदतींत बांधकाम कायम ठेवण्यासाठीं अर्ज करण्याची वाट कायद्यानें मोकळी ठेविली आहे खरी. पण नियमांत न बसणारी भिंत अर्जानें वांचत नाहीं.

मग सर्व दोष अर्जदाराचाच काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नुसते कलमांचे आंकडे घालून नकार कळविणाऱ्या कचेरीनें अपिलाची मुदत व ठिकाण त्याच कागदावर सोप्या मराठींत छापावें, एवढेंच आमचें मागणें आहे. जो हक्क नागरिकास ठाऊकच नाहीं, तो देऊन न दिल्यासारखाच होय.