प्रत्येकाची वेगळी पेशी



आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'सेल'ला 'कोशिका' म्हणत. 'पेशी' म्हणजे कचेरीतील हजेरी, एकेकाचे नाव पुकारून होणारी. बरकतपुऱ्यात मराठी वर्गावर आलो तेव्हा जीवशास्त्राच्या तासाला 'पेशी' ऐकून आम्हांला हसू आले होते. आज वाटते, दोन्ही अर्थ जवळचेच आहेत.

जीवाणूंची हजेरी विज्ञानाने बराच काळ घाऊक घेतली. कोट्यवधी जीवाणू एकत्र फोडायचे, त्यांतील प्रथिन मोजायचे आणि सरासरी सांगायची. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातील सनी शी यांच्या गटाने आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूच्या हजारावर प्रथिनांना एकेक करून चमकणारी खूण जोडली व सूक्ष्मदर्शकाखाली पेशीगणिक मोजणी केली. एकाच वंशाच्या, एकाच अन्नावर वाढलेल्या पेशींतही तेच प्रथिन कोणात कमी, कोणात अधिक निघाले. पुण्याच्या आयसर संस्थेतील चैतन्य आठले यांनीही २०११ मध्ये ई. कोलायच्या एकाच समूहातील पेशींच्या लांबीतील तफावत अभ्यासली.

हा फरक क्षुल्लक नाही. १९४४ साली डब्लिनच्या जोसेफ बिगर यांना पेनिसिलिन देऊनही थोडे जीवाणू तगलेले आढळले. ई. कोलायमध्ये 'हिपए' हे प्रथिन ठराविक मर्यादेपलीकडे गेले की पेशी जणू झोपी जाते. वाढत्या पेशींना मारणारी औषधे मग तिला मारू शकत नाहीत. औषध थांबल्यावर ती जागी होऊन पुन्हा वाढू शकते. सरासरी पाहणाऱ्यास मात्र सारे आटोपले असेच वाटते.

हे आज लिहिण्यास कारण घडले. शाळेच्या निकालाची सरासरी वाढावी म्हणून काही कच्च्या मुलांना यंदा दहावीस बसवू नये, अशी सूचना आमच्यापर्यंत आली आहे. सूचना करणाऱ्यांना शाळेची कळकळ आहे, याबद्दल शंका नाही. तरीही आम्ही सहमत नाही. मुले म्हणजे जीवाणू नव्हेत; परंतु मोजण्यातील चूक दोन्हीकडे एकच आहे. कोणाचे गणित अडले आहे, कोणाची भाषा, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे सरासरी सांगत नाही. या मुलांची पेशी अजून झालेलीच नाही.

येत्या महिन्यात दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पालकांसह आम्ही स्वतंत्र भेटणार आहोत. प्रगतिपुस्तक विसरले तरी चालेल. वह्या मात्र अवश्य आणाव्यात.